सुबिमेंदी ‘आडवे पास देतो’ म्हणतात टीव्हीवाले. तुम्हाला पटते का?

आखरावरचा

काल रात्री आपल्या आर्सेनलची मँचेस्टर सिटीसोबत १-१ झाली. पण हा धागा मॅचवर नाही, मॅचभोवतीच्या बडबडीवर आहे.

१३ सप्टेंबर २०२५ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं, त्यात आपला नवा मिडफिल्डर सुबिमेंदी याचे दोन गोल. एक अर्धवट बाहेर आलेल्या कॉर्नरवर डीच्या कडेवरून व्हॉली, दुसरा ७९व्या मिनिटाला ट्रोसारच्या क्रॉसवर हेडर. लगेच स्टुडिओत सूर लागला की आर्सेनलला गोल करणारा मिडफिल्डर सापडला. आठ दिवसांनी सिटीच्या मॅचची टीम आली, सुबिमेंदी-राईस-मेरिनो, तर लगेच ‘तीन-तीन डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, भित्रा संघ’. आणि एरवी बॉल त्याच्या पायात आला की कॉमेंट्रीत दोनच शब्द: सेफ आणि साइडवेज.

हा माणूस स्पेनच्या रेआल सोसिएदादकडून सव्वादोनशेच्या वर सामने खेळला, गोल किती? दहा. म्हणजे गोल हे त्याचं काम कधी नव्हतंच. मग ज्यावरून स्तुती केली तेही चूक आणि ज्यावरून नाव ठेवलं तेही चूक, असं मला वाटते. प्रश्न एवढाच: सहा नंबरचा, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहणारा, मिडफिल्डर चांगला खेळला की वाईट, हे टीव्हीवर पाहून ओळखायचं कसं? नेमकं काय पाहायचं ते सांगा. ‘आर्टेटा आउट’वाल्यांनी (कोच हटवा म्हणणाऱ्यांनी) दुसरा धागा काढावा.

सावजी_रस्सा

बॉल तिकडं कॅमेरा, कॅमेरा तिकडं तोंड. कॉमेंट्रीचं एवढंच गणित हाये भाऊ.

धुरा

रस्साभाऊ गमतीत बोलले पण मुद्दा तोच आहे. सहा नंबरच्या कामाचा मोठा वाटा बॉल नसताना होतो, आणि टीव्हीचा मुख्य कॅमेरा बॉलच्या मागे असतो. काम चाललेलं असतं तेव्हा तो माणूस चौकटीच्या कडेला नाहीतर बाहेर. म्हणून पाहायच्या गोष्टी चार:

१) बॉल यायच्या आधी मान. सेंटर बॅक पास मारायच्या तयारीत आला की नजर बॉलवरून काढा आणि सुबिमेंदीवर ठेवा. डावा-उजवा खांदा ओलांडून त्यानं किती वेळा मागं पाहिलं? दोनदा पाहून घेतलेला बॉल आणि न पाहता घेतलेला बॉल यात जमीन-अस्मानाचा फरक. न पाहणाऱ्याला पहिला टच मागेच घ्यावा लागतो.

२) अंग कसं उभं आहे. छाती पूर्ण आपल्या गोलकडे असली तर पुढचं मैदान दिसतच नाही. अर्धवट वळून उभा राहून लांबच्या पायावर बॉल घेतला की एका टचमध्ये पुढे जाता येते. याचं हे अर्धं वळणं फार स्वच्छ आहे.

३) बॉल मिळाला नाही तरी जागा बदलली का. पुष्कळदा तो चार पावलं बाजूला सरकतो, त्याला धरलेला स्ट्रायकर त्याच्यासोबत सरकतो, आणि सेंटर बॅककडून सरळ पुढे, म्हणजे राईसकडे, पासची वाट मोकळी होते. कॉमेंट्रीत श्रेय पास देणाऱ्याला. चार पावलांचं नाव कोणी घेत नाही.

४) आपण हल्ला करत असताना तो कुठे उभा आहे. यावर नंतर लिहितो, मोठा विषय आहे.

अॅनफिल्ड_दारव्हा

हा तोच ना, २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी बोलावलं तं आला नाही तो? बरं झालं. आम्ही ग्रावेनबर्खले सहा नंबरवर बसवलं आन् २०२४-२५ ची लीग घेऊन गेलो. तुम्ही बसा मान मोजत.

पांढरं_सोनं

दारव्हेकर, ३१ ऑगस्टले तुमच्या अॅनफिल्डवर आपल्याशी ८३व्या मिनिटापर्यंत ०-० होती हे इसरू नका. सोबोस्लाईची फ्रीकिक नसती तं तुम्हीबी मोजतच बसले असते.

बरं एक विचारतो, नाव नेमकं काय? कॉमेंट्रीवाले कोणी झुबिमेंडी, कोणी झुबीमेन्डी.

झाडीपट्टी

बास्क आडनाव आहे. बास्क भाषेत ‘झेड’चा उच्चार स-सारखा, म्हणून सुबिमेंदी. सुबि म्हणजे पूल, मेंदि म्हणजे डोंगर.

सावजी_रस्सा

म्हंजे पुलडोंगरे! आपल्याच इकडचा निंघाला पोट्टा. आजपासून या धाग्यावर पुलडोंगरे.

लाल_दुपट्टा

पुलडोंगरे मंजूर 😂

माध्यमांची दुसरी आवडती गोष्ट राहिली. लहानपणी तो गिपुस्कोआ प्रांताचा ११ वर्षांखालचा बुद्धिबळ विजेता होता. झालं, आता प्रत्येक पासला ‘बुद्धिबळपटूसारखा विचार’. अरे बुद्धिबळ येते म्हणून मिडफिल्डर होत असेल तर जुलैमध्ये महिला विश्वचषक जिंकून आलेली आमची नागपूरची दिव्या देशमुख आहे की, तिलाच घ्या.

कामाची माहिती वेगळी आहे, ती कोणी सांगत नाही. सोसिएदादच्या ब संघात त्याला शाबी आलोन्सोनं शिकवलं. स्वतः आलोन्सो, आर्टेटा आणि हा, तिघंही सान सेबास्तियानच्या आंतिगुओको या पोरांच्या क्लबातून आले. मेरिनो त्याचा सोसिएदादचा जुना जोडीदार. आपला कॅप्टन ओडेगार्डही २०१९-२० मध्ये तिथं उधारीवर होता. म्हणजे नव्या संघात रुळायला वेळ का लागला नाही, याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर नाही, इथं आहे.

निळा_दिग्रस

सिटीवाला आहे, तरी बोलतो. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करून राह्यले. काल जी टीका झाली ती पुलडोंगरेवर नव्हती, आर्टेटावर होती. घरच्या मैदानावर हल्ला रचणारा एझे बाकावर बसवून मेरिनो खेळवला, ९व्या मिनिटाला मागं पडले, आणि हाफटाइमला स्वतःच एझे आणि साका आणून मेरिनो-माडुएकेला काढलं. म्हणजे चूक झाली हे कोचनंच कबूल केलं ना? बरोबरीचा गोल कोणी बनवला? एझेच्या उंच पासवर मार्टिनेलीनं गोलकीपर डोनारुम्माच्या डोक्यावरून टाकला, ९०+३. मग टीव्हीवाले चुकले कुठं?

धुरा

निळेभाऊ, निवडीवरची टीका मान्य. एझे पहिल्यापासून पाहिजे होता, माझंही तेच मत. माझा आक्षेप शब्दाला आहे. ‘तीन डिफेन्सिव्ह’ मध्ये मेरिनो कसा काय मोडतो? एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगला रेआल माद्रिदविरुद्ध पहिल्या लेगमध्ये त्यानं गोल केला, तोही स्ट्रायकरच्या जागी खेळून. राईसचे त्याच माद्रिदविरुद्ध एका रात्रीत दोन फ्रीकिक. पुलडोंगरे आल्यावर राईस डावीकडे पुढं सरकला, त्याला आणण्यामागं एक कारणच ते होतं. ओडेगार्डचा खांदा फॉरेस्टविरुद्ध दुखावला, म्हणून उजवीकडची सर्जनशील जागा रिकामी पडली. ती मेरिनोनं भरत नाही, हे खरं. तर टीका अशी पाहिजे: ‘बॉल घेऊन शेवटचा पास देणारा नव्हता.’ ‘भित्रा’ हा निदानाचा शब्द नाही. ताप आहे का खोकला, ते सांगाल की नुसतं ‘तब्येत बरी नाही’?

आणि दुसऱ्या हाफचं म्हणाल तर पूर्ण सामन्यात तुमच्या सिटीकडे बॉल ३२.८ टक्के वेळ होता. कोच पेप ग्वार्दिओलाच्या संघाचा लीगमधला सगळ्यात कमी. शेवटी हालांड काढून पाच जणांची फळी केली पेपनं. भित्रं कोण?

निळा_दिग्रस

एक गुण घेऊन गेलो ना. चालते आपल्याला 😄

कामठी_९

कबड्डी पाहा. रेडरचं नाव गावभर होते, पण पकड कव्हर करतो. कव्हर दोन फूट आधी सरकला नसता तर कोपऱ्याला पायच धरता आला नसता. सहा नंबर म्हणजे कव्हर. दाद नाही मिळत, पण कव्हर ढिला असला की पाचव्या मिनिटाला लोन.

पांढरं_सोनं

मले तं ओलिताचं आठवते. मोटर चालू करणाऱ्याचं नाव होते, पण पाणी जिथं जायचं तिथंच जाते ते दांडावर फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसामुळं. वेळेवर फोडला नाही तं अर्धी पाटी बुडते, अर्धी कोरडी.

आखरावरचा

दोन्ही उपमा मस्त. पण मुद्दा क्रमांक ४ राहिला, धुरा.

धुरा

हो. कालचाच गोल घ्या, सोपं जाईल. ९वं मिनिट. रायंडर्सनं मोकळ्या मैदानात बॉल पळवला, हालांड बाजूनं धावला, परत पास, गोल. आता हायलाइट गोलपासून नाही, त्याच्या १० सेकंद आधीपासून लावा. आपल्या हातून बॉल सुटतो तिथं थांबवा. मग मोजा: बॉलच्या मागे आपले किती, आणि ते कुठे.

नेम असा. आपण समोरच्या बॉक्सजवळ पोचलो की मागे पाच जण ठेवायचे. तीन शेवटच्या ओळीत दोन त्यांच्यापुढे, नाहीतर दोन आणि तीन. पुलडोंगरे त्या पुढच्या ओळीचा मधला खांब. त्याचं काम बॉल गेल्यापासून पहिल्या तीन-चार सेकंदांत ठरते: समोरच्याचा पहिला पुढचा पास ज्याला जाणार, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असायचं. हात पोचत नसेल तर झडप मारायची नाही, मागे धावायचं. बिघडते ते मधल्या अंतरावर. पोचत नसताना झडप मारली की एका स्पर्शात पार होतो आणि मग रायंडर्ससारखा माणूस ४० मीटर कोणी न अडवता पळतो.

आणि हेही लक्षात घ्या, मधला खांब एकटा काही करू शकत नाही. शेजारचे दोघं आत सरकलेले नसतील तर मध्ये एवढी मोठी फट राहते की कोणीही उघडा पडतो. म्हणून गोल झाला की रिप्लेमध्ये शेवटी चुकलेल्या माणसाकडं बोट दाखवणं सोपं, पण चूक पुष्कळदा त्याच्या दहा मीटर बाजूला झालेली असते.

निळा_दिग्रस

हे पटलं. पण मग अशा वेळी मुद्दाम फाऊल करायला पाहिजे होता.

कामठी_९

तो मध्यरेषेच्या आसपासच. पिवळं कार्ड घेऊन परवडते. पुढे गेल्यावर केला आणि शेवटचा माणूस ठरला तर लालच. आणि ९व्या मिनिटाला पिवळं घेतलं की सहा नंबर उरलेली ८० मिनिटं अर्धाच खेळतो, टॅकलला पाय घालताना दहा वेळा विचार.

सावजी_रस्सा

काऊन बे, एवढं पाहाचं तं मॅच कवा पाहाची?

लाल_दुपट्टा

रस्साभाऊंचा प्रश्न बरोबर आहे, पूर्ण मॅच मोजत बसायचं नाही. डोळे थकतात आणि मोजणी खोटी होते. पद्धत अशी:

१५ मिनिटांचा एकच तुकडा घ्या. शक्यतो १५ ते ३० मिनिटं, कारण सुरुवातीची घाई संपलेली असते आणि बदली खेळाडू आलेले नसतात. आवाज बंद. वहीत पाच रकाने: पुढे, आडवा, मागे, गमावला, आणि ‘आडवा पण पार’. हा पाचवा रकानाच महत्त्वाचा. पास आडवा गेला, पण घेणाऱ्यानं पुढच्या टचमध्ये समोरच्या एका ओळीला ओलांडलं, तर तो साधा आडवा पास नाही. समोरची फळी डावीकडे गोळा करून उजवीकडे बॉल सोडला, माडुएकेला एकास एक मिळाला, तर तो आडवाच पास हल्ल्याची सुरुवात आहे. कॉमेंट्री त्याला साइडवेज म्हणते, वही त्याला पाचव्या रकान्यात टाकते.

चुका होतात त्या अशा. हायलाइटवरून मोजू नका, त्यात फक्त शॉट असतात. दोन खेळाडू एकदम मोजू नका. पासचा वेग वेगळा लिहा, हळू आडवा पास खरंच वाईट असतो, कारण तोवर समोरची फळी सरकून जागेवर येते. आणि थ्रो-इननंतरचे पहिले दोन पास सोडून द्या, तिथं सगळेच अडचणीत असतात.

झाडीपट्टी

यात भर: गोलकिक, फ्रीकिक आणि बदली खेळाडू येतानाचा कॅमेरा लांबचा असतो. तेव्हाच दोन्ही संघांची मांडणी दिसते. लोक नेमके तेव्हाच चहाला उठतात.

पांढरं_सोनं

टीव्हीचं समजलं. पण आता आपल्या मैदानावर या. सप्टेंबरात काळ्या मातीच्या आखरावर पुलडोंगरेसारखा आडवा पास देऊन पाहा. बॉल मधातच बसते, दुसऱ्याचा फॉरवर्ड उचलून नेते. इकडच्या पोट्ट्यांले ‘सेफ खेळ’ म्हनणं म्हंजे गोल खाणं.

कामठी_९

शंभर टक्के. गवताच्या ओल्या मैदानावर बॉल घसरून वेग धरतो, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, चिखल धरून ठेवतो. म्हणून पावसाळ्यात १० मीटरच्या वरचा आडवा पास जमिनीवरून नकोच. गुडघाभर उचलून द्यायचा, नाहीतर मागे.

बॉलची हवाही पाहा. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅम, घेर ६८ ते ७० सेंमी, हवा नियमानं ८.५ ते १५.६ पीएसआय. सायकलच्या पंपानं भरताना पोट्टे दगडासारखा करतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळून टणक झाली की कमी हवा ठेवा, नाहीतर प्रत्येक टप्पा छातीवर येतो आणि पहिला टच शिकताच येत नाही. गेज नसेल तर खांद्यावरून सोडून पाहा, कमरेपर्यंत उसळला तर ठीक. सुई थुंकीनं नाहीतर ग्लिसरीननं ओली करून सरळ घाला, कोरडी तिरपी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि सहाशेचा बॉल गेला.

सावजी_रस्सा

आर्सेनलवरून सायकलच्या पंपावर. आला ना धागा जाग्यावर.

झाडीपट्टी

पंपावर आलोच आहोत तर, रेषा मारायला कळीचा चुना टाकू नका. ओल्या मैदानावर पायाची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. रांगोळीची भुकटी वापरा.

लाल_दुपट्टा

मान वळवायची सवय मात्र आपल्या मैदानावर लावता येते, चिखल असो का भेगा. एक सराव. तीन जण एका ओळीत, मधल्यापासून दोघंही १०-१२ पावलं. समोरचा बॉल देणार, मधला घेणार, मागच्याच्या हातात दोन दुपट्टे, लाल आणि पांढरा. पास सुटला की मागच्यानं एक वर करायचा. मधल्यानं बॉल पायाला लागायच्या आधी मान वळवून रंग ओरडायचा. लाल म्हणजे माणूस पाठीवर आहे, एका टचमध्ये परत. पांढरा म्हणजे मोकळा, वळून मागच्याकडे पास. दहा बॉल झाले की जागा बदल, दोन फेऱ्या पुरेत.

फसते कुठं? दुपट्टा पास सुटायच्या आधीच वर केला तर पोरगं एकदाच पाहून घेते आणि मग बॉलकडेच टक लावते. बॉल अर्ध्यात आल्यावर रंग बदला, मग कळते कोण दोनदा पाहते. आणि पास हळू दिला तर सगळेच सुबिमेंदी.

सावजी_रस्सा

पुलडोंगरे म्हना 🙏

अॅनफिल्ड_दारव्हा

सराव चांगला हाये, मान्य. पण मूळ मुद्द्यावर मी अजून टीव्हीवाल्यांच्या बाजूनं. रिलीज क्लॉज (एवढे मोजले की जुन्या क्लबानं सोडायचंच) ६ कोटी युरोचा होता ना? एवढ्या पैशात मान वळवणारा नाही, मॅच फिरवणारा पाहिजे.

धुरा

दारव्हेकर, युरो २०२४ ची फायनल आठवा. हाफटाइमला स्पेनचा सहा नंबर रोद्री दुखापतीनं बाहेर, आत हा. स्पेन २-१ जिंकली इंग्लंडविरुद्ध. रोद्री गेला आणि फरक जाणवला नाही, हीच त्याची किंमत. जूनमध्ये नेशन्स लीग फायनलला पोर्तुगालविरुद्ध पहिला गोलही याचाच, ती मॅच पेनल्टीवर गेली ते सोडा.

पण तुमच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे आणि आम्ही आर्सेनलवाले ती लपवतो. समोरचा संघ खाली बसला, कालच्या दुसऱ्या हाफसारखा, की सहा नंबरकडे बॉल खूप येतो आणि त्यानं धोक्याचा पास द्यायला पाहिजे. तिथं तो पहिला विचार बाजूचा करतो. तेव्हा ‘सेफ’ हा शब्द लागू पडतो. फरक एवढाच की टीव्हीवाले तो शब्द ९० मिनिटं लावतात, लागू होतो त्यातली काही मिनिटं.

आखरावरचा

हे उत्तर पाहिजे होतं. म्हणजे वहीत सहावा रकाना करावा लागते: समोरची फळी खाली बसलेली का वर आलेली.

रविवारी, २८ तारखेला, न्यूकॅसल बाहेर. आपल्याकडं रात्री ९. (घड्याळं अजून त्यांची उन्हाळ्याची आहेत. २६ ऑक्टोबरपासून सगळ्या मॅचेस तासभर उशिरा, तेव्हाही लक्षात ठेवा.) लाल_दुपट्टा १५ ते ३०, धुरा ३० ते ४५, मी ६० ते ७५. कामठीभाऊ फक्त मान. जमते का?

कामठी_९

जमते. पण मान मोजायला सेंटर बॅककडं बॉल असतानाच मोजीन, बाकी वेळ सोडतो.

लाल_दुपट्टा

९ ला देवीची आरती आहे इकडं. साडेनऊपर्यंत येतो, माझा तुकडा धुराला द्या, मी शेवटचा घेतो.

निळा_दिग्रस

मी तुमच्या वह्या तपासतो. तटस्थ पंच 😇

सावजी_रस्सा

तटस्थ म्हने. याले कोनी वही देऊ नका बे.